पापण्यांची मोजणी

देऊळघाटात मी मेडिकलचं दुकान उघडलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले, काउंटरसमोरच्या स्टुलावर बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. काय हवंय विचारलं, उत्तर नाही. साठीचा माणूस, पांढरा सदरा-पायजमा, डोक्यावर टोपी, आणि डोळे असे लावलेले की पापणी जागची हलायला तयार नाही. हलत होता तो फक्त उजव्या हाताचा अंगठा, बोटांच्या पेरांवरून, एकेक पेर पुढे. मी काउंटरवरची कात्री हळूच माझ्या बाजूला ओढून घेतली. नव्या गावात काळजी घेतलेली बरी.

मिनिटभरानं ते उठले आणि म्हणाले, "सात."

"काय सात?"

"सातदा मिटले तुमी. मिनिटात. लय कमी हाय. मिटत जा जरा."

एवढं बोलून ते निघून गेले, आणि माझा दिवस वाया गेला. आपण पापण्या पाडतो हे एकदा ध्यानात आलं की माणसाला धड पाडताही येत नाहीत आणि धड विसरताही येत नाहीत. संध्याकाळपर्यंत मी गिऱ्हाइकांसमोर डोळे मिचकावत उभा होतो. एका बाईनं तर बरोबरच्या सासूला कोपरानं ढोसून मला दाखवलं.

हे दौलतभाऊ. माणसं गावात सगळ्याच तऱ्हेची असतात, पण दुसऱ्याच्या पापण्या मोजत फिरणारा माणूस मी अमरावतीला फार्मसीचा डिप्लोमा करतानाही पाहिला नव्हता, आणि तिथे बरेच नमुने होते.

त्यांच्या या छंदामागची हकिगत मला पहिल्याच आठवड्यात तिघांनी सांगितली. आमच्या भागात भाजीपाल्याचं बियाणं काढतात. हिरव्या जाळीचे मोठाले मांडव उभे करतात, शेडनेट म्हणतात त्याला, आणि आत मिरचीच्या, टोमॅटोच्या फुलांचं क्रॉसिंग चालतं. कळी उमलायच्या आधी चिमट्यानं तिच्यातले नर केसर काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग तिला बोटानं लावायचा, आणि खूण म्हणून लाल दोरा बांधायचा. कळी हरभऱ्याएवढी. जाळीच्या आत उकाडा असा की घाम चिमट्यावरून ओघळतो. दौलतभाऊ आणि त्यांची बायको कौसल्याबाई या कामात वीस वर्षं एका ओळीत समोरासमोर बसले. या दोघांच्या हातची कळी गळत नाही, असा त्यांचा लौकिक होता.

"फुलासमोर पापनी पडली की चिमटा हुकते," दौलतभाऊ मला सांगायचे. "म्हनून पाडाचीच नाही."

ती न पाडता न पाडता एक दिवस डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं खुपायला लागलं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे कोरडे पडलेत. पापणी पडली की डोळ्यावर ओलावा पसरतो, तुमची पडतच नाही. आता मिनिटाला पंधरा वेळा ठरवून मिटत जा. दौलतभाऊंनी तो सल्ला स्वतः काही पाळला नाही, सगळ्या गावाला मात्र लागू केला. गावकऱ्यांचं म्हणणं असं. मलाही ते पटलं, कारण दुसऱ्याला पथ्य सांगणारी आणि स्वतः न पाळणारी माणसं हा माझ्या धंद्याचा पाया आहे.

त्यांची मोजणी सगळीकडे चालायची. पारावर मोबाईल बघत बसलेल्या पोरांसमोर जाऊन बसायचे आणि म्हणायचे, "तीन. काऊन बे, डोये उसने आनले का?" ग्रामसभेत एक पुढारी पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होते, तर मागून आवाज आला, "बेचाळीस. टाकी होत नाही." लग्नात अक्षता पडायच्या आधी ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहायचे. "नवरदेव चाळीस, नवरी बारा. घर तीच चालवनार." लोक हसायचे, पण नवरदेवाकडची माणसं जरा कमी हसायची.

लहान मुलांच्या बाबतीत कोणी हसत नसे. दौलतभाऊ दिसले की बायका लेकराच्या तोंडावर पदर घ्यायच्या. त्यांनी एकदा पाळण्यात वाकून एका तान्ह्या पोराला मोजलं आणि म्हणाले, "दोन." आई घाबरून गेली, तिला वाटलं पोराला काही झालं. "काही नाही व," ते म्हणाले, "लेकरं मिटतच नाहीत. ते अजून पाहून राह्यले. आपलं पाहून झालं." त्या बाईनं त्याच संध्याकाळी पोराची दृष्ट काढली.

आणि आमच्या गल्लीतले एक म्हातारे वारले तेव्हाची गोष्ट. डॉक्टर येऊन गेले होते, तिरडी बांधून झाली होती, पाहुण्यांची वाट बघणं चालू होतं. दौलतभाऊ आले आणि मयताच्या उशाशी मांडी घालून बसले. म्हाताऱ्यांचा एक डोळा नीट मिटला नव्हता. दौलतभाऊंनी अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. रडणं हळूहळू थांबलं. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. अंगठा पहिल्या पेरावरच होता. घरात पन्नास माणसं आणि कोणाच्या श्वासाचाही आवाज नाही. मग ते उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "हाव. उचला." तोवर माझा डॉक्टरांवर पूर्ण विश्वास होता, तरी खरं सांगतो, मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं.

त्यांच्या बोलण्यात दुसरा एक माणूस सतत यायचा, तो म्हणजे त्यांची बायको. "आमच्या घरची म्हनते" याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. आमच्या घरची म्हनते, मेडिकलवाल्यानं दुकानाले पडदा लावाव, दुपारी औषधावर ऊन पडते. मी बघितलं, तर खरंच तीन ते चार डाव्या कपाटावर ऊन यायचं, आणि माझ्या डिप्लोम्याच्या ते लक्षात आलं नव्हतं. पडदा लावला. आमच्या घरची म्हनते, रविवारी दुकान बंद नका ठेवू, ताप काही वार पाहून येत नाही. आमच्या घरची म्हनते, लग्न करून घ्या आता. मीही उलट निरोप द्यायला लागलो. वहिनींना सांगा, मुलगी तुम्हीच शोधा. दौलतभाऊ तो निरोप गंभीरपणे घेऊन जायचे आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आणायचे. माझ्या डोळ्यांसमोर एक ठसठशीत बाई उभी राहिली होती, दारामागून नवऱ्यावर आणि अर्ध्या गावावर हुकूम चालवणारी.

एकदा शेजारच्या पिठाच्या चक्कीवाल्या ताई गोळ्या घ्यायला आल्या, तेव्हा मी सहज म्हणालो, "दौलतभाऊंच्या मंडळींची जीभ भारी चालते हो."

ताईंचा हात काउंटरवरच थांबला. "कोनाची?"

"कौसल्यावहिनींची. काल मला म्हणाल्या..."

"तुमाले म्हनाल्या?"

"दौलतभाऊंकडे निरोप दिला."

ताईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "तुमी नवे हा अजून," एवढंच म्हणाल्या आणि गोळ्या न घेताच गेल्या.

मी काय समजायचं ते समजलो. बाई या जगात नाही. आणि मी दोन महिने तिच्याशी निरोपानिरोपी करतोय, माझं लग्न तिच्यावर सोपवलंय, तिच्या सांगण्यावरून पडदा लावलाय. त्यानंतर दौलतभाऊ स्टुलावर बसून "आमच्या घरची म्हनते" म्हणाले की माझ्या मानेवर काटा यायचा. चारचं ऊन पडद्यावर पडलं की मी तिकडे बघायचं टाळायचो. विज्ञान शिकलेला माणूस मी, पण भर दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत एकटा जात नव्हतो.

मग एक दिवस दौलतभाऊंनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. बुलढाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. रुग्णाचं नाव कौसल्या, वय पंचावन्न. मी ते नाव तीनदा वाचलं. मेलेल्या माणसाला कोणी थेंब लिहून देत नाही, तेव्हा बाई होती, चांगली जिवंत होती. दिवसातून चार वेळा अश्रूंसारखे थेंब, झोपताना मलम, कोमट पाण्याच्या कपड्यानं शेक. चिठ्ठी सहा महिन्यांपूर्वीची होती, आणि मागे दुकानाचा शिक्का एकच.

"थेंबाची एकच बाटली घेतली का तेव्हा?"

"एकच. मंग बंद केले."

"का?"

"थेंब टाकले की रुसते," ते म्हणाले. "दिवसदिवस बोलत नाही. पन आता डोये लय लाल झाले. ते मलम तेवढं असंल तर पाहा."

मलम नव्हतं, मागवावं लागलं. आलं तेव्हा मीच घेऊन गेलो. दुपारी एक ते तीन दुकान बंद असतं, आणि थेंब टाकल्यावर रुसणाऱ्या बाईला बघायची मला उत्सुकता होती, हेही कबूल करतो.

घर गावाबाहेर, शेडनेटला लागून. खिडकीतून आत येणारा उजेड त्या जाळीतून गाळून यायचा, त्यामुळे खोलीतली भिंत, भांडी, देवाचा फोटो, सगळं हिरवट दिसत होतं. खाटेवर बाई निजल्या होत्या. स्वच्छ लुगडं, विंचरलेले केस, कपाळाला कुंकू. टेबलफॅन थेट तोंडावर. डोळे उघडे. मी नमस्कार केला. त्या बघत होत्या, पण माझ्याकडे नाही, माझ्या डोक्याच्या जरा वर.

"झटका आला त्याले तीन वर्सं झाले," दौलतभाऊ म्हणाले. "उजवी बाजू गेली. जबान गेली. नजर राह्यली."

ते खाटेजवळ बसले आणि त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला, मऊ आणि घरगुती. "कौसा, मेडिकलवाले आले. चहा ठिऊ?"

पंख्याची घरघर. बाईंच्या पापण्या खाली आल्या. पूर्ण मिटल्या नाहीत, खाली पांढऱ्याची एक कड दिसत राहिली. मग वर गेल्या.

"हो म्हनते. एकदा मिटलं की हो, दोनदा की नाही. साखर कमी टाकू, कौसा?" पुन्हा थांबणं. पापण्या पडल्या, पुन्हा पडल्या. "नाही म्हनते. पाव्हन्याले गोड कर म्हनते." तेवढ्यात बाईंच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. दौलतभाऊंनी ते रुमालानं टिपलं. "माणूस आलं की असं भरून येते तिले. पहिल्यापासून मायाळू हाय."

माझ्या हातातली मलमाची ट्यूब ओली झाली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पण माणूस उगाचही पापणी पाडतोच ना? बोलणं कोणतं आणि उगाचचं कोणतं, कसं कळतं तुम्हाला?"

"त्याच्याचसाठी तर मोजतो," ते म्हणाले. "गाव मोजलं सारं. बिनकामाचे किती पडतात ते समजल्याबिगर हिचं बोलनं कसं निवडाव? मानसाले पंधरा, कोनाले वीस. हिचे चाळीस भरतात. म्हंजे वरचे वीस बोलन्याचे. जास्तच असतील, कमी नाही."

मला लगेच गप्प बसायला हवं होतं. पण मला माहीत असलेली गोष्ट समोर आली की मला राहवत नाही, हा माझा जुना दोष आहे. मी वाकून बघितलं. डोळे लालभडक, कडांना चिकटा. आणि मी शिकवायला लागलो. म्हटलं, दौलतभाऊ, चेहऱ्याची बाजू सैल पडलीय, पापणी पुरती मिटत नाही, त्यातून हा पंखा तोंडावर. डोळे कोरडे ठणठणीत झालेत. कोरडा डोळा खुपतो, म्हणून पापणी सारखी फडफडते. आणि कोरड्या डोळ्यातूनच पाणी जास्त वाहतं, लोकांना हे उलटं वाटतं, पण खुपलं की शरीर पाणी सोडतं. थेंब टाकले की खुपणं थांबतं, म्हणून फडफड थांबते. रुसणं वगैरे काही नाही.

हे सगळं मी एका दमात सांगितलं आणि मग त्यांच्याकडे बघितलं.

पेरावरचा अंगठा थांबला होता.

"म्हंजे," ते म्हणाले, "तीन वर्सं मी कोनासंग बोलून राह्यलो?"

काही बोलणं खरंही असेल, असं मी पुटपुटलो.

"मंग पडद्याचं कोनं सांगतलं? मले नसतं सुचलं ते. मी तुमच्या दुकानात दुपारी कधी आलोच नाही."

त्या हिरव्या उजेडात बाई माझ्या डोक्याच्या वर बघत होत्या आणि माझ्या पाठीवरून घाम चालला होता.

"थेंब नाही टाकले तर?" त्यांनी विचारलं.

"डोळ्यात फूल पडेल. नजरही जाईल. आणि आताही दुखत असणारच त्यांना. सांगता येत नाही एवढंच."

"अन् टाकले तर बोलनं जाईल."

मी मान हलवली. ते खाली वाकून म्हणाले, "कौसा, तूच सांग. टाकू का थेंब?"

आम्ही दोघं वाट बघत होतो. पापण्या पडल्या. एकदा. पुन्हा. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा, भराभर.

"किती झाले?" दौलतभाऊंनी मला विचारलं.

"पाच," मी म्हणालो.

मी ट्यूब कोनाड्यात ठेवली, पंख्याकडे बोट दाखवलं आणि निघालो. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी रस्ताभर मला थंडी वाजत होती.

पुढचे नऊ दिवस दौलतभाऊ गावात कोणालाच दिसले नाहीत. मी स्वतःला पोटभर शिव्या दिल्या. एका माणसाचा संसार तीन वर्षं पापण्यांवर चालला होता आणि मी जाऊन दोन मिनिटांत त्याला शरीरशास्त्र समजावलं. माझं म्हणणं बरोबर होतं यानं मला जराही बरं वाटत नव्हतं. तिकडे थेंब न पडता त्या बाईची नजर जात असेल, ही भीती वेगळीच.

दहाव्या दिवशी ते आले. स्टुलावर बसले नाहीत. "थेंब द्या," म्हणाले. "अन् रातच्याले पापनी चिपकवाची ती पट्टी. तुमी गेल्यावर बुलढान्याहून आनलेली बाटली सरत आली. अन् जरा घरी चला, मी बरोबर टाकतो का नाही पाहा."

मी दुकान तसंच ओढून घेतलं.

पंखा भिंतीकडे तोंड करून फिरत होता. खाटेखाली कोमट पाण्याचं पातेलं होतं. दौलतभाऊंनी हात धुतले, कपडा पिळून तिच्या डोळ्यांवर ठेवला, मग कापसानं पापण्यांच्या कडा पुसल्या. खालची पापणी बोटानं अलगद ओढून एक थेंब सोडला. क्रॉसिंग करणारा हात, थेंब तसूभर इकडेतिकडे गेला नाही. मग त्यांनी अंगठा आणि बोटानं तिचे दोन्ही डोळे मिटवले आणि धरून ठेवले. असे डोळे आपण कोणाचे मिटवतो ते मला आठवलं आणि मी तोंड फिरवलं. पुन्हा बघितलं तेव्हा डोळे उघडे होते. लाली गेली होती. पापण्या शांत होत्या. मी उभा होतो तेवढ्या वेळात क्वचितच हलल्या.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "अगदी बरोबर टाकता. काही बोलतात का?"

"नाही." त्यांनी तिच्या गालावरचा थेंब टिपला. "पहिले चार दिवस लय इचारलं. मंग सोडलं. इचारलं की वाट पाहाव लागते. आता मी नुसतं सांगतो. सांगाले थांबाव लागत नाही."

आणि ते सांगायला लागले. मिरचीच्या तिसऱ्या ओळीत कळ्या धरल्या, चक्कीवाल्या ताईची सून माहेराहून आली, खालच्या विहिरीची मोटार जळली. वाक्य संपलं की ते पूर्वीसारखे थांबत नव्हते, पुढच्या वाक्यावर जात होते. मला रडू येईल अशी भीती वाटली, म्हणून मी चपला घातल्या. मी निघालो ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही, असं मला वाटलं. अंगणात पोहोचलो तोवर आतून आवाज येत होता.

"मेडिकलवाले गेले, कौसा. चहा नाही घेतला त्यायनं. दुकान तसंच ओढून आले होते. उद्या येतील म्हनले, उद्या घेतील."

मी तसं काही म्हणालो नव्हतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो.